शेंदराच्या कामावर

लोणावळ्याच्या शाळेत मी रसायन शिकवायला लागलो तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि आपल्याला पुष्कळ कळतं अशी माझी समजूत होती. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, एक लांब टेबल आणि पावसाळ्यात बुचांना बुरशी धरणाऱ्या तीस-चाळीस बाटल्या. घाटात विजेच्या गाडीची तयारी चालू होती त्या दिवसांतली ही गोष्ट. जिकडे पाहावं तिकडे खांब, तारा आणि लोखंड.

आमच्याकडे दूध शेजारच्या वलवण गावाहून यायचं. दूधवाली पंचविशीची होती, बोलायला मोकळी. सकाळी सातला चरवी घेऊन यायची आणि बायकोशी चार शब्द बोलून जायची. मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिच्याऐवजी तिचा नवरा आला. मी ओट्यावर दात घासत होतो. त्यानं चरवी खाली ठेवली आणि डाव्या हातानं माप भरायला लागला. दूध सांडलं. ओशाळून तो हसला.

"उजवा हात दुखावलाय का?" मी विचारलं.

"दुखत न्हाई मास्तर. उठतच न्हाई."

त्यानं हात पुढे केला. दंड ठीक होता, कोपर ठीक होतं, पण मनगटापासून पंजा खाली लोंबत होता. तो वर उचलायला त्यानं जोर लावला. कपाळाला आठ्या पडल्या, पंजा हलला नाही.

"आणि पोट?" मी विचारलं. का विचारलं ते मला त्या क्षणी नीट माहीत नव्हतं. कॉलेजच्या पुस्तकातलं एक वाक्य कुठून तरी वर आलं होतं.

"पोट तर काय सांगू! पिळा पडतो. दोन-दोन येळा जमिनीवर लोळलोय."

मी त्याला तोंड उघडायला सांगितलं. दातांच्या मुळाशी, हिरड्यांच्या कडेला, पेन्सिलीनं ओढावी तशी निळसर काळी रेघ होती. मी आयुष्यात पहिल्यांदाच ती पाहत होतो, तरी ओळखायला वेळ लागला नाही. पाहून घाबरलो, आणि खोटं कशाला बोलू, पुस्तकातलं खरं निघालं याचा थोडा आनंदही झाला. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

त्याची भातखाचरं वलवणच्या धरणाच्या पाण्याखाली गेली होती. उरलेल्या तुकड्यावर दोन भावांचं भागत नव्हतं, म्हणून तो घाटातल्या एका ठेकेदाराकडे लागला होता. काम लोखंडी पूल रंगवण्याचं. आधी तारेच्या ब्रशनं जुना रंग खरवडायचा, मग रेडलेड लावायचं. रेडलेड म्हणजे पिंपातून येणारी शेंदरी भुकटी. ती जवसाच्या तेलात हातानं कालवायची. वारा असला की भुकटी नाकातोंडात जायची. दुपारी हात लुगड्याच्या चिंधीला पुसून तिथंच भाकरी खायची.

"हे शिसं आहे," मी म्हणालो. "ते तुझ्या अंगात भिनलंय. हे काम आजच्या आज सोड."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला श्वास घेणं सोडायला सांगितलं होतं.

मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. बाजारात त्यांचा दवाखाना होता. माणूस सरळ आणि अनुभवी. मला वाटलं होतं, ते मला वेड्यात काढतील आणि मग मी वाद घालीन. तसं काही झालं नाही. त्यांनी हिरडी पाहिली, पंजा उचलून सोडून पाहिला, त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. शिसंच आहे."

"मग तसं लिहून द्या."

"लिहून दिलं तर काय होईल मास्तर? ठेकेदार उद्या त्याला काढून टाकील. परवा दुसरा येईल. लिहून मी त्याची भाकरी तेवढी घालवीन."

"पण औषध?"

"पोटासाठी देतो. हातासाठी औषध एकच, त्या रंगापासून लांब राहणं. ते माझ्या कपाटात नाही."

खोटं बोलणारा माणूस भेटला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

परत येताना शिसं काय करतं ते मी त्याला तळमळीनं सांगत होतो. रेल्वेच्या फाटकापाशी थांबून तो म्हणाला, "मास्तर, एक इचारू? रेडलेड म्हंजी शेंदूरच न्हवं?"

"हो, शेंदूरच."

"आमच्या मारुतीला पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावत्यात. त्याला कुटं काय झालं?"

"अरे, मारुती दगडाचा आहे!" मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. वेगळा रस्ता फुटला तिथं म्हणाला, "आनि वैद्यबुवा बाळंतणीला लोहभस्म देत्यात. त्यानं रगत वाढतं म्हनं. लोखंड बी धातू, शिसं बी धातू. एक गुन करतं आन दुसरं मारतं. आसं का?"

"शिसं विषारी आहे म्हणून."

"त्येच तर इचारतोय. का हाय?"

घरी येऊन मी पुस्तकं काढली. एकात लिहिलं होतं, शिशाचे क्षार विषारी असतात. दुसऱ्यात लिहिलं होतं, ते अत्यंत विषारी असतात. सोमल, म्हणजे आर्सेनिक, विषारी, पारा विषारी, शिसं विषारी. मी वर्षानुवर्षं हे पाठ केलं होतं आणि मुलांकडून पाठ करून घेत होतो. 'का' म्हणून एकाही मुलानं विचारलं नव्हतं, कारण परीक्षेत ते येत नव्हतं. मलाही कधी सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी बायकोवर विनाकारण खेकसलो.

रविवारी पुण्याला जाऊन माझ्या जुन्या प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "हा प्रश्न विचारणारा माणूस मला भेटायला हवा." मग त्यांनी समजावलं. शरीर म्हणजे एक घर आहे असं धर, असं ते म्हणाले. लोखंड त्या घरात पहिल्यापासून वावरलेलं आहे. त्याला काम नेमून दिलेलं आहे, जागा ठरलेली आहे, जास्त झालं तर सांभाळायची सोयही आहे. शिसं जमिनीच्या पोटात दडून होतं. माणसानं खणून काढलं तेव्हा कुठं ते घराच्या दाराशी आलं. घराला त्याची ओळखच नाही. आणि घोटाळा असा, की ते थोडंफार चुन्यासारखं, म्हणजे चुन्यातल्या कॅल्शियमसारखं वागतं. हाडांना चुना लागतो. हाडं फसतात, चुना समजून शिसं आत घेतात आणि साठवतात. शिवाय मांस, केस, अंड्यातला पांढरा भाग, या सगळ्यांत गंधक असतं. गंधकाला हे जड धातू चिकटले की सुटत नाहीत. शरीरातली जी बारीकसारीक कामं त्या भागांवर चालतात ती बंद पडतात. हिरडीवरची काळी रेघही शिसं आणि गंधक यांचीच.

"हे सगळं पक्कं आहे का?" मी विचारलं.

"अर्धं पक्कं, अर्धा अंदाज," ते म्हणाले. "नसांवरच ते एवढं का उठतं, हे मला सांगता येणार नाही. अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. त्याला दूध दे भरपूर. दुधात चुना असतो."

परतीच्या गाडीत मी प्रयोग ठरवला. अंडं आमच्या स्वयंपाकघरात येणं शक्य नव्हतं, तेव्हा मी दूधवालीलाच तिच्या कोंबडीचं एक अंडं घेऊन शाळेत बोलावलं, नवऱ्याला घेऊन. शाळा सुटल्यावर दोघं आली. मी पेल्यात अंड्याचा पांढरा भाग पाण्यात कालवला. स्वच्छ, पातळ, आरपार दिसणारा. मग शिशाच्या क्षाराचं पाणी थेंब थेंब सोडलं. बघता बघता पेल्यात दह्यासारख्या पांढऱ्या गाठी झाल्या.

"आत असं होतं," मी म्हणालो.

तो पेल्याकडे पाहत राहिला. त्याच्या बायकोनं मात्र पेला उचलून उजेडात धरला, हलवला, गाठी विरघळतात का ते पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्यापास्नं जायचं न्हाई."

"मग कोन जाईल?" तो म्हणाला.

तो आणखी तीन आठवडे जात राहिला, डाव्या हातात ब्रश धरून.

मग मी ठेकेदाराच्या मुकादमाला भेटलो. हा त्याच भागातला, धिप्पाड, हसतमुख माणूस होता. मी फार मागितलं नाही. लोखंड खरवडण्याआधी ओलं करावं, तोंडाला फडकं बांधावं, भाकरीआधी साबणानं हात धुवावेत.

"पानी?" तो हसला. "मास्तर, त्या पुलावर प्यायचं पानी डोक्यावरनं न्यावं लागतं. लोखंडाला अंघोळ कुटनं घालू?"

"निदान हात धुवायला एक बादली."

"बादली देतो की. तुमी म्हनताय तर देतो."

पुढच्या रविवारी मी स्वतः साबणाच्या वड्या घेऊन रुळाच्या कडेनं पुलापर्यंत गेलो. बादली होती. दहा-बारा माणसं रांगेनं उभी राहिली, माझ्यासमोर एकेकानं हात धुतले. फेस शेंदरी झाला. मला वाटलं, जमलं. आठवड्यानं आमच्या रंगाऱ्याला विचारलं तर तो खाली बघून म्हणाला, "बादली तवाच सिमेंटाला नेली. साबन घरी नेला एकानं, पोरांना." मी कुणाला बोलणार होतो? साबण घरी पोरांसाठी नेणाऱ्या बापाला?

दुधाचं तर विचारूच नका. त्यानं दूध प्यावं म्हणून मी बायकोला रतीब बंद करायला सांगितला. घरचं दूध घरात राहील, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी दूधवाली डोळ्यांत पाणी आणून दारात उभी.

"वैनी, माज्या दुधात काय खोट निगाली का?"

बायकोनं मला हाक मारली. मी चुना, हाडं, दूध हे सगळं तिला समजावलं. ती ऐकून म्हणाली, "मास्तर, त्ये दूध आमी पिलो तर मीठ-मिरची कशावर आनायची?" आणि चार दिवसांनी कळलं की आमचं दूध तिनं खंडाळ्याच्या एका बंगल्यात घातलं होतं. मी संतापलो. माझी इतकी धडपड, आणि ही माणसं स्वतःच्याच मुळावर उठलेली, असं काहीबाही बोललो.

बायको शांतपणे तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्ही त्यांना शिसं विषारी का ते शिकवलंत. जेवायचं काय, ते कुणी शिकवायचं?" मग तिनंच तोड काढली. रतीब परत सुरू केला. अट एकच. दूध घेऊन नवऱ्यानं यायचं आणि एक पेला आमच्या ओट्यावर, तिच्यासमोर प्यायचा. पहिल्या दिवशी तो लाजून अर्धमेला झाला. मागच्या दारी जाऊन पितो म्हणाला. बायको म्हणाली, "इथेच, भाऊ." तो रोज येऊन प्यायला, पुरे वर्षभर.

पौषाच्या शेवटी त्याचा डावा पंजाही सैल पडायला लागला तेव्हा त्यानं काम सोडलं. सोडलं म्हणजे मुकादमानंच ब्रश काढून घेतला. पोटातला पिळा दोन महिन्यांत गेला. उजवा हात फार हळू सुधारत होता. होळीला त्यानं मला एक बोट वर करून दाखवलं आणि आम्ही दोघंही पोरांसारखे हसलो. त्या वर्षातली तेवढीच एक चांगली आठवण.

कारण त्याच आठवड्यात मला कळलं की ब्रश आता त्याच्या धाकट्या भावाच्या हातात आहे. भाऊ बावीस-तेवीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला.

"तू त्याला जाऊ दिलंस?" मी ओरडलो.

"समदं सांगितलंय त्याला, मास्तर. फडकं बांधतो त्यो. हात धुतो. माजं बगून शाना झालाय."

मला बोलता आलं असतं. एक गोष्ट मला माहीत होती जी मी कुणालाच सांगितली नव्हती. पुण्याहून प्राध्यापकांकडून आणलेल्या पुस्तकात एक परिच्छेद होता. शिशाच्या कामावरच्या पुरुषांच्या बायकांचे गर्भ टिकत नाहीत, धूळ कपड्यांबरोबर घरात येते, कपडे धुणारीच्या अंगात जाते. मी तो तीनदा वाचला होता. पण ही बाब परक्या बाईला कशी सांगायची? तिच्या नवऱ्याला तरी कोणत्या शब्दांत? मी घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. भिडेपोटी. पेल्यात गाठी करून दाखवायला मला भीड वाटली नव्हती, मुकादमाशी भांडायला वाटली नव्हती. हे एक वाक्य बोलायची तेवढी वाटली.

दिवाळीच्या सुमारास दूधवाली सांगत आली की जावेचा गर्भ चौथ्या महिन्यात गेला. बायको हळहळली. मी पेपर डोळ्यांसमोर धरून बसलो. पुढच्या वर्षी आषाढात दुसऱ्यांदा तेच झालं. गावात कुणी म्हणालं बाहेरची बाधा, कुणी म्हणालं तिचा पायगुण. सासू तिला माहेरी पाठवायचं बोलत होती. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. शिशामुळेच झालं असं मी शपथेवर सांगू शकलो नसतो, आजही सांगणार नाही. पण मी बायकोसमोर तो परिच्छेद उघडला आणि मराठीत वाचून दाखवला.

तिनं सगळं ऐकलं. "हे तुम्हांला कधीपासून माहीत होतं?"

मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लुगड्याचा पदर खोचून भर पावसात एकटी वलवणला गेली. ब्राह्मणाची बाई अशी पावसात आलेली पाहून चार घरच्या बायका जमल्या. तिनं काय सांगितलं ते मी नंतर दूधवालीकडून ऐकलं. ज्या शब्दांसाठी मी दीड वर्ष अडलो होतो ते तिनं दहा मिनिटांत सांगून टाकले होते. पोरीत दोष नाही. तिच्या नवऱ्याच्या कपड्यांत आहे. कामाचे कपडे घरात आणायचे नाहीत, गोठ्याबाहेर खुंटीला टांगायचे, ज्याचे त्यानं ओढ्यावर धुवायचे. ते पाणी गुरांना पाजायचं नाही.

सासूनं लगेच विचारलं होतं, "आन पुरुस मानूस कपडे धुनार?"

"नातवंड हवं असेल तर धुवेल," असं माझी बायको म्हणाली म्हणे.

त्या पोरीला माहेरी पाठवलं नाही. धाकट्यानं पावसाळ्यानंतर पुलाचं काम सोडलं आणि दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. ती नीट वाढली. थोरला एका बंगल्यावर माळी म्हणून लागला. खुरपं धरण्याइतका त्याचा हात सुधारला, पाण्याची झारी मात्र त्याला शेवटपर्यंत एका हातानं उचलता आली नाही. पुलावरच्या बाकीच्या दहा-बारा माणसांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. पूल दर काही वर्षांनी रंगत राहिले.

मी वर्गात शिसं शिकवताना मात्र गुणधर्म आणि उपयोग यांपाशी थांबेनासा झालो. हिरडीची रेघ सांगायचो, तोंडावरच्या फडक्याचं सांगायचो, मुलींच्या वर्गातही सांगायचो. तपासणीला आलेल्या साहेबांनी वहीत शेरा मारला की विषय सोडून वेळ घालवला जातो. हेडमास्तरांनी तो मला वाचून दाखवला आणि म्हणाले, "जरा आवरा." मी आवरलं नाही, पण त्यामुळे काही बदललं असंही नाही. पन्नास पोरांपैकी एकाच्याही वहीत मला तो भाग उतरवलेला दिसला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एकदा तळेगावच्या फलाटावर धाकटा भाऊ भेटला. अंगानं भरला होता, केस पिकायला लागले होते. पुण्याकडच्या गाडीची वाट बघत होता. मुलगी चौथीत आहे म्हणाला.

"आता कुठे कामाला?"

"देहूरोडकडं. लय मान्सं घेत्यात तितं. एका ठेकेदाराकडं हाय."

"काम काय?"

तो जरा घुटमळला. "रंगच हाय मास्तर. पर रेडलेड न्हाई! दारूगोळ्याच्या पेट्यांना लावायचा. सावलीत बसून काम."

"कसला रंग?"

"हिरवा."

गाडी आली. खिडकीतून त्यानं हात जोडले आणि मीही जोडले. हिरव्या रंगात कधी सोमल असतो, कधी आणखी काही असतं, आणि कधी अपाय होईल असं काहीच नसतं. त्याच्या पिंपात काय होतं ते मला माहीत नव्हतं आणि विचारलं असतं तरी त्यालाही सांगता आलं नसतं. लोणावळ्याच्या गाडीला अजून वेळ होता. मी फलाटावर फेऱ्या घालत राहिलो, ठेकेदाराचं नाव तरी विचारून घ्यायला हवं होतं म्हणून स्वतःला शिव्या देत.